वीतभर दोरी

शेताच्या वाटेवर आडवी पडलेली बाभूळ बाराच्या आत हलली नाही, तर कापूस न्यायला येणारा टेम्पो परत जाणार होता आणि पुढचे आठ दिवस तो सापडणार नव्हता. तरी पुंडलिकराव निर्धास्त होते. दसऱ्याला बाभुळगावहून आणलेली झाडं कापायची मशीन आज पहिल्यांदाच बाहेर निघाली होती.

"डोंगरसिंगले बोलावू का? कुऱ्हाडीनं तोडून देते तो," हंसाबाईंनी विचारलं.

"घरात मशीन असल्यावर कुऱ्हाड कायले?" पुंडलिकरावांनी बायकोला सुनावलं आणि मशीन सुरू करायची दोरी ओढली. दोरी वीतभर आली आणि अडली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मशीन पायाखाली दाबली. तिसऱ्या खेपेला टोपी काढली, चौथ्या खेपेला सदरा. दसऱ्याला भरलेलं पेट्रोल शिळं झालं असेल म्हणून ओतून दिलं, ताजं भरलं. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अकरा वाजले तरी दोरी वीतभरच येत होती. पुंडलिकरावांचा खांदा मात्र जागचा हलला होता.

"आता तरी बोलावू?"

"नाही. एक तर हे सुरू होईन, नाहीतर मी बंद पडीन."

हंसाबाईंनी गुपचूप धम्मरत्नला फोन लावला. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्यानं आल्या आल्या प्लग काढून दोरी ओढली. ती तशीच अडली.

"काका, इंजिनात काही नाही. दोरीकडंच घोळ हाय."

चार स्क्रू काढून त्यानं झाकण उचललं. आतून लाल मुंग्यांची रांग निघाली आणि पिवळे चार तांदूळ खाली पडले. दोरीची चकरी पाकात घोळल्यासारखी चिकटली होती.

"यात काय टाकलं, काका?"

पुंडलिकराव आभाळाकडे पाहू लागले.

"मी म्हणलं होतं, दसऱ्याच्या पूजेले दोन थेंब शिंपडा," हंसाबाई म्हणाल्या. "यायनं अख्ख्या नारळाचं पाणी ओतलं. म्हणे, मोठी मशीन हाय, पोटभर पिऊ दे."

"अन् शिव्या दुकानदाराले?" त्यांनीच पुढं विचारलं.

"त्याले कुठं ऐकू गेल्या," पुंडलिकराव पुटपुटले.

चकरी पेट्रोलनं धुऊन बसवली. पुंडलिकरावांनी दोरी स्वतःच ओढली. तिसऱ्या खेपेला मशीन सुरू झाली. पावणेबाराला बाभळीचे तुकडे वाटेच्या कडेला पडले आणि टेम्पो आत आला. पुंडलिकरावांचे डोळे भरून आले.

"अवं, घरून एक नारळ आण. मशीननं लाज राखली."

धम्मरत्ननं मशीन उचलली आणि टेम्पोच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

अर्ध्या तासानं हंसाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या.

"नारळ घरीच फोडला," त्या म्हणाल्या. "पाणी म्या पेलं. ही चटणी खा."