जुनेच बेरिंग

अक्कलकोटच्या सासुरवाडीच्या लग्नातून आपली गाडी वाचवायची, हे मल्लप्पाने ठरवले तेव्हा त्याच्या हातातली चहाची बशीही खाली आली नव्हती. "उद्या अण्णा येतोय. पोरीचं लगीन हाय की," एवढेच त्याची बायको नीलम्मा म्हणाली होती.

मल्लप्पा सोलापुरातून चादरींचे गठ्ठे नेऊन मोहोळ, करकंबचे बाजार करी. मिलिटरीच्या लिलावात घेतलेल्या त्या फोर-व्हील गाडीवर त्याचा बायकोपेक्षा अंमळ जास्तच जीव. मेहुण्याने, याच चनबसप्पा अण्णाने, ती एकदा बारशाला नेली आणि सीटवर गव्हाची गोड हुग्गी सांडून परत आणली. पुढे पावसाळाभर गाडीत मुंग्या नांदल्या. त्यानंतर मात्र सासरच्या कुणी गाडीचे नाव काढले नव्हते. हा आपल्या कडक चेहऱ्याचा परिणाम, अशी मल्लप्पाची समजूत होती. पण बायकोच्या सख्ख्या भाचीचे लग्न नुसत्या चेहऱ्यावर निभावणारे नव्हते.

गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जो लांब शाफ्ट जातो, त्याला मध्ये आधार देणारे बेरिंग कधीचेच झिजले होते. गाडी पिठाच्या गिरणीसारखी घरघरे. खर्च नको म्हणून मल्लप्पाने ते तसेच रेटले होते. आता तेच कामी आले. तो तडक दस्तगीर मिस्त्रीकडे गेला.

"बेरिंग बदल. शाफ्ट काढून ठेव. आन् घाई करू नगं."

घाई नको म्हणणारे गिऱ्हाईक दस्तगीरने जन्मात पाहिले नव्हते. "पुणे से माल मंगाना पडता, सेठ. आठ दिन लगते."

"पंधरा लागू देत की!"

दुसऱ्या दिवशी चनबसप्पा अक्षता घेऊन बहिणीसोबत थेट गॅरेजात आला. त्याने तोंड उघडायच्या आत मल्लप्पाने जमिनीवरच्या शाफ्टकडे बोट केले.

"काय करू अण्णा, गाडीच खोललीया. नशीब आपलं!"

"गाडी कोण मागतंय, दाजी? मी मालट्रक ठरिवलाय."

"ट्रक? माझी गाडी असताना?"

"राग मानू नगा, पर तुमची गाडी लई वरडती. मागं आत्या बसली हुती न्हवं, ती उतरल्यावर चार दिस सगळ्यांशी वरडूनच बोलत हुती. त्यापास्नं कुणी गाडीचं नावच काढंना."

म्हणजे तो चेहऱ्याचा प्रताप नव्हता! मल्लप्पाला हे फार लागले. खरे तर गाडी वाचली होती, गप्प बसायचे होते. पण बायकोदेखत गाडीची बदनामी त्याला सोसेना.

"आवाज त्या बेरिंगाचा हुता! शाफ्टासंगट ते भाईर आलंय. आता गाडी मांजरावानी चालंल!"

"पर आता चालतीया कुटं?"

"क्यों नहीं चलती?" दस्तगीर गाडीखालून बाहेर आला. मिस्त्रीपुढे गाडी चालत नाही म्हणणे म्हणजे त्याचा बाप काढणे. "फोर-व्हील है. मागचा शाफ्ट नक्को, पुढच्या चाकांवर अक्कलकोट जाऊन येती."

गिअरशेजारी पुढच्या चाकांना जोर देणारी एक छोटी दांडी होती. मल्लप्पा आजवर तिला बाजाराची पिशवी अडकवत आला होता. दस्तगीरने ती पिशवी मालकाच्या हातात दिली, दांडी ओढली आणि गॅरेजाभोवती एक चक्कर मारली. गाडीचा खरेच आवाज नव्हता. चनबसप्पाचा चेहरा उजळला.

"दाजी, ट्रकवाल्याला नगं म्हणून सांगतो!"

"मी म्हणलं नव्हतं, अण्णा? ह्यांचा जीव लई मोठा!" नीलम्माचे डोळे भरून आले. मल्लप्पाचेही भरले, पण कारण वेगळे होते.

गाडीने मांडवाचे बांबू नेले, वऱ्हाडाच्या बायका नेल्या आणि हुग्गीची दोन पातेली नेली. त्यातले एक वळणावर आडवे झाले. गाडी किती गुमान चालते याची कीर्ती अक्कलकोटभर झाली. हळदीच्या हातांनीच दोघा पाव्हण्यांनी पुढची बारशी आणि एक साखरपुडा मल्लप्पाकडे नोंदवून टाकला.

गाडी गॅरेजात परतली तेव्हा पुण्याचे बेरिंग आलेले होते. दस्तगीरने ते कौतुकाने तळहातावर फिरवून दाखवले.

"एकदम मख्खन, सेठ. आवाज बिलकुल नहीं."

मल्लप्पा मुंग्या झटकत होता. "जुनं बेरिंग कुटं हाय?"

"भंगार में फेक दिया. कायको?"

मल्लप्पा धोतर सावरून भंगाराच्या ढिगात शिरला. काळे, खिळखिळे बेरिंग सापडल्यावर त्याने ते धोतराच्या सोग्याला पुसले आणि दस्तगीरच्या हातात ठेवले.

"हेच बसीव."

संध्याकाळी गाडी घरघरत गॅरेजातून निघाली. मल्लप्पाने पिशवी पुन्हा दांडीला अडकवली.