चाळीस किलो, अवस्था घन

सोमवारी साहेबांनी अतिक्रमण कार्यालयात विज्ञान आणलं आणि मंगळवारी सकाळी बर्फवाल्याची हातगाडी जप्त झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी तसा काही संबंध नव्हता. गाडी पदपथावर दीड फूट आत आली होती, एवढंच. पण साहेबांनी या नोकरीत येण्याआधी अकरा वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी जप्तीचा नवा नमुना छापून घेतला. जुन्यात 'वस्तू' आणि 'नग' असे दोनच रकाने होते, बिचारे. नव्यात द्रव्य, अवस्था, आकार, वस्तुमान अशी सगळी वरात होती.

जप्त माल सांभाळणाऱ्या भांडारपालाने पहिलाच नमुना म्हणून जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं: द्रव्य बर्फ, अवस्था घन, आकार निश्चित, वस्तुमान चाळीस किलो. त्याखाली लिहिलं: हातगाडी एक, लाकडी, लोखंडी चाकांची.

बर्फवाल्याने तासाभरात दंड भरला आणि पावती घेऊन खिडकीशी रांगेत उभा राहिला. बर्फाच्या लादीची त्याला फिकीर नव्हती. त्याचा जीव गाडीत होता. त्याचे सासरे सुतार होते आणि ही त्यांच्या हातची शेवटची गाडी. शिवाय मासळीबाजारातल्या बायका दोन दिवस वाट बघतील, तिसऱ्या दिवशी दुसरा बर्फवाला धरतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"गाडी घेऊन जातो," तो म्हणाला.

"गाडी एकटी जात नाही," भांडारपाल म्हणाला. "माल सगळा एकदम सुटतो, आणि लिहिलाय तसाच सुटतो." त्याने गोणपाट काढून लादी काट्यावर ठेवली. काटा एकतीसवर थांबला. "नऊ किलो कुठे गेलं?"

"वितळलं."

"तसा रकाना नाही."

नऊ किलोची तूट आपल्या मानेवर बसणार या विचाराने भांडारपालाची बोबडी वळली. तो धावत साहेबांकडे गेला. साहेब हात चोळत बाहेर आले. इतक्या दिवसांनी कुणीतरी शंका विचारली होती.

"घाबरू नका. वितळणं हा भौतिक बदल. रूप बदललं तरी पदार्थ तोच...?"

साहेबांची ही वर्गातली सवय होती. वाक्य अर्धं सोडायचं आणि भुवया वर करून समोरच्यांकडे बघायचं. रांगेत नऊ माणसं होती. सगळी कधी ना कधी शाळेत गेलेली. ती एका सुरात म्हणाली, "राहतो."

"शाब्बास," साहेब म्हणाले.

मग शिपायाने फरशी पुसून फडकं भल्यामोठ्या बादलीत पिळलं. काल सांडलेल्या चहासकट सगळं पाणी शासकीय ताब्यात आलं. संध्याकाळपर्यंत उरलेली लादीही बादलीत उतरली. भांडारपालाच्या जिवात जीव आला. तूट नव्हती.

"मग द्या ना," बर्फवाला म्हणाला. "बादली द्या आणि गाडी द्या."

"अवस्था घन लिहिलीय," भांडारपालाने बोट ठेवून दाखवलं. "हे द्रव आहे."

साहेबांनी यातूनही मार्ग काढला. भौतिक बदल उलटवता येतो, तेव्हा मालकाने तो उलटवावा.

"कारखान्यात नेऊन गोठवून आणतो," बर्फवाला म्हणाला.

"न्या की," भांडारपाल म्हणाला. "पण माल बाहेर कधी जाईल? घन झाल्यावर."

"आणि घन कुठे होईल?"

"बाहेर," भांडारपाल म्हणाला आणि आपण काय बोललो याचा विचार करत पेनाचं टोपण चावू लागला.

बर्फवाल्याने हातापाया पडून कार्यालयातल्या फ्रिजमध्ये, साहेबांच्या डब्याशेजारी, दोन ट्रे लावून घेतले. दुसऱ्या दिवशी चोवीस तुकडे निघाले. साहेबांनी एक उचलून उजेडात धरला. "लादी एक लिहिलीय. घन पदार्थाचा आकार कसा असतो?"

"निश्चित," रांग म्हणाली. रांगेत निळी पिशवी घेतलेले एक गृहस्थ होते, ते सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचे.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "बर्फ गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "बाबांची गाडी तेवढी आणा." बर्फवाला मान खाली घालून जेवला. त्यालाही तेवढीच हवी होती.

तिसऱ्या आठवड्यात बादलीतलं पाणी वीतभर खाली गेलं आणि भांडारपालाला पुन्हा घाम फुटला. साहेबांनी त्याला खुर्चीत बसवून पाणी पाजलं. अर्थात दुसऱ्या बादलीतलं. "बाष्पीभवन झालं. द्रव्य नष्ट...?"

"होत नाही," रांग म्हणाली.

"म्हणजे माल याच खोलीत आहे. फक्त दिसत नाही. पंखा बंद करा, खिडक्या चिकटवून टाका." त्या दिवसापासून भांडारगृहाचं दार बोटभर उघडून माणसं तिरकी आत शिरू लागली. उगीच बाहेर येताना कुणाच्या सदऱ्यातून माल जायला नको.

महिना भरला तेव्हा बर्फवाल्याच्या हातात नोटीस पडली. ती वाचून तो थेट साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, अतिक्रमण? माझी तर गाडीसुद्धा तुमच्याकडे आहे."

"बसा. द्रव्य म्हणजे काय? ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा...?"

"व्यापतं," बाहेरून आवाज आला.

"आणि वायू मिळेल तेवढी सगळी जागा व्यापतो. रस्त्यावर तुम्ही दीड फूट अडवलं होतंत. इथे महिनाभर अख्खी खोली अडवून बसलाय."

बर्फवाल्याने हात टेकले. "माल तुम्हीच घ्या. लिहून देतो. माझी गाडी द्या, मी जातो."

भांडारगृह उघडलं. आत दमट वास कोंडला होता. कोपऱ्यातल्या गाडीची दोन्ही चाकं लालतांबडी झाली होती. बर्फवाल्याने हात लावला तर बोटांना भुकटी लागली. त्याला रडू आलं, पण इतक्या माणसांसमोर रडायची लाज वाटली. दांड्यावर सासऱ्यांच्या रंध्याची खूण होती, तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला. "चालेल. घासून काढीन."

"थांबा," साहेब हळू आवाजात म्हणाले. ते खरोखर हळहळले होते. "गंजणं हा रासायनिक बदल. यात मूळ पदार्थ राहत नाही, नवाच तयार होतो. तुमची गाडी लोखंडी चाकांची होती. ही चाकं बघा, वेगळाच पदार्थ आहे. आणि तो तयार झाला आमच्या आवारात. तुम्हाला देऊ कसा?"

"म्हणजे बर्फाचं पाणी झालं, वाफ झाली, तरी तो माझाच," बर्फवाला एकेक शब्द जुळवत म्हणाला, "आणि गाडी गंजली तर ती माझी नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. अकरा वर्षांत इतकं नेमकं कुणालाच कळलं नव्हतं. "हाच भौतिक आणि रासायनिक बदलातला फरक. आता शेवटचं. ज्या ओलाव्याने शासनाची गाडी गंजली, तो ओलावा कुणाचा?"

भांडारपालाने कागद पुढे केला. माल मिळाला, जागा अडवली, गाडीचं नुकसान केलं, अशा तीन ठिकाणी फुल्या मारलेल्या होत्या. बर्फवाल्याने वळून रांगेकडे पाहिलं. यातलं एकजण तरी काही बोलेल, असं त्याला वाटलं.

"अहो, सही करून मोकळे व्हा ना," निळी पिशवीवाले म्हणाले. "आमचा खोळंबा होतोय."

त्याने तीन सह्या केल्या. हल्ली तो गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी डोक्यावरून नेतो. मासळीबाजारात पोचेपर्यंत निम्मी मानेवरून उतरलेली असते. बायका दुसऱ्याकडून घेतात. एक म्हातारी तेवढी थांबते त्याच्यासाठी.

तुम्हाला त्याची कीव आली असेल. यायलाच हवी, तुम्ही चांगली माणसं आहात. साहेब आजही त्याच खिडकीत आहेत. समोर नवा कुणी पावती घेऊन उभा आहे, आणि साहेब भुवया वर करून रांगेकडे बघतायत. रूप बदललं तरी पदार्थ तोच...?

म्हणालात ना मनात? आता जरा पुढे सरका, मागच्यांचा खोळंबा होतोय.