एवाल्ड नावाची बिअर

माणूस दोन ओळींत पकडावा तर मीच. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात मंत्र्यांची, बिशपांची आणि एकदा तर प्रदर्शनात पहिल्या आलेल्या डुकराची टवाळी केली, पण माफी मागायची वेळ कधी आली नाही. डुक्कर पुढच्या वर्षीही पहिलंच आलं. माफीची वेळ आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही शेजाऱ्यापायी.

आमच्या गावच्या जुन्या डेअरीत मारेन बिअर बनवते. समुद्रशेवाळाची, माळावरच्या फुलांची, राय धान्याच्या शिळ्या पावाची. एकदा तिने गवताच्या धुरावर जव भाजले. ती बिअर पिताना गोठ्यात उभं असल्यासारखं वाटायचं, आणि कोपनहेगनची माणसं त्यासाठी रांग लावायची. यंदा मात्र तिचं डोकं चालेना.

"पानं झाली, फुलं झाली, पाव झाला. आता काय घालू?"

"माणूस घाल," मी म्हणालो.

ती टाकीच्या तोंडाकडे बघू लागली.

"तसा नाही गं. स्वभाव घाल. आधी माणूस ठरव, मग त्याच्यासारखी लागेल अशी बिअर कर. एवाल्डपासून सुरुवात कर, पुढच्या महिन्यात पंचाहत्तरी आहे त्याची."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणेल. म्हणून विचारायचं नाही."

एवाल्ड म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा मधमाश्यावाला. एकतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी तीनला तो माझ्याकडे पत्ते खेळायला यायचा. "आलो", "वारा आहे" आणि "निघतो" एवढंच त्याचं बोलणं, असं मी धरून चाललो होतो. मारेनने त्याचाच मध घातला, थोडे करपवलेले जव घातले, आणि खरोखर एवाल्ड बाटलीत उतरला. लेबल मी लिहिलं: "एवाल्ड. पहिल्या घोटाला काहीच जाणवत नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यानंतर कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं."

हे प्रेमाने लिहिलंय, हे मला माहीत होतं. एवाल्डला नव्हतं.

आमच्याकडे पंचाहत्तरीला गाणं रचून उत्सवमूर्तीची भर जेवणात टिंगल करतात, आणि ती खपते. कारण गाण्याचे कागद केकच्या बश्यांबरोबर कचऱ्यात जातात. बाटल्या दुकानात जातात, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही. पंचाहत्तरीच्या जेवणात एवाल्डने चष्मा लावून लेबल वाचलं, "हं" म्हणाला आणि बाटली कोटाच्या खिशात घातली. गहिवरलाय, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्या गुरुवारी तो आला नाही. केक बाधला असेल. पुढच्याही गुरुवारी आला नाही. मधमाश्यांचं काही असेल. तिसऱ्या गुरुवारी माझी बायको इंगेर म्हणाली, "तो रागावलाय."

"कशावरून?"

"बोलत नाहीये."

"कधी बोलत होता?"

"आता वेगळ्या तऱ्हेने बोलत नाहीये."

इकडे बिअर अशी खपली की पार आऱ्हुस शहरातून माणसं एवाल्ड बघायला येऊ लागली. कुंपणाशी उभी राहून तो काही बोलतो का याची वाट बघायची. एक जोडपं तर खुर्च्या घेऊन आलं. "आम्हाला घाई नाही," ती बाई समजूतदारपणे म्हणाली, "तिसऱ्या घोटापर्यंत थांबू." बिचारा एवाल्ड पोस्टात जातानासुद्धा मधमाश्यांची जाळी तोंडावर ओढू लागला.

माफी मागायला हवी होती. शहाणा माणूस कुंपण ओलांडून गेला असता. मी दुसऱ्या खेपेच्या लेबलवर लिहिलं: "एवाल्ड, चुकलो. गुरुवारी ये."

हात दाखवून अवलक्षण! गुरुवारी दोनपासूनच कुंपणाशी जत्रा. कुणी पत्ते आणलेले, कुणी कॉफीचे थर्मास. अशा गर्दीतून माझ्या दारापर्यंत एवाल्ड काय, आमचा पाद्रीही आला नसता. मारेन खुशीत होती.

"तिसऱ्या लेबलवर काय लिहायचं?"

"काही नाही. बंद कर ती बिअर."

तिने तोंड वाकडं केलं, पण बंद केली. गर्दी ओसरली, आणि मग कुठे मी कुंपण ओलांडलं. एवाल्ड मधाच्या पोळ्यांच्या चौकटी खरवडत होता.

"त्या लेबलात वाईट असं काही नव्हतं रे," मी म्हणालो.

"नव्हतं."

"मग?"

त्याने चौकट पालटली. "गावात मी कुणाशी बोलत नाही. तुझ्याकडेच काय ते बोलायचो. परतताना वाटायचं, आज फारच बडबड केली आपण. लाज वाटायची."

एकतीस वर्षांचे गुरुवार. त्यात हा काय बोलला, ते मी आठवू लागलो. मला फक्त माझं बोलणं आठवलं.

"ये गुरुवारी," मी म्हणालो.

तो आला. त्या दिवशी मी पक्कं ठरवलं होतं: आपण मिठाची गुळणी धरायची आणि ऐकायचं. पत्ते वाटले. कॉफी ओतली. "वारा आहे," एवाल्ड म्हणाला, आणि मी ते मन लावून ऐकलं. पुढचं ऐकायला थांबलो. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं, मी दोनदा मान डोलावली. पावणेचारला त्याने पत्ते खाली ठेवले, टोपी घातली आणि दारात थांबला.

"रागावला असशील," तो म्हणाला, "तर सरळ सांगायचं होतंस."

मी तोंड उघडेपर्यंत तो कुंपणापलीकडे पोहोचला होता.