मंगलाष्टकांना वन्समोर

कवी जन्मावा लागतो, असे जाणकार सांगतात. खान्देशात मात्र नाटक कंपनी बुडाली तरी भागते.

आमचे शालिग्रामभाऊ बारा वर्षे कंपनीत राजा होते. (प्रजा तिकिटाच्या दरावर अवलंबून.) पुढे स्वराज्य आले, खरे राजेही गेले, आणि दोंडाईच्याला कंपनीच्या तंबूला खेटून टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. पडद्यावरचा राजा खोकत नसे. प्रेक्षक तिकडे गेले. भाऊ नरडाण्याला घरी परतले आणि त्यांनी साहित्यावर उपकार करण्याचे ठरवले.

त्या काळी आमच्याकडे साहित्याच्या शाखा दोनच होत्या: मंगलाष्टके आणि इतर. इतरांना मागणी नव्हती. मंगलाष्टकांत वधूवरांखेरीज मामा, आत्या, व्याह्यांचे साडू अशी सर्वांची नावे गुंफावी लागत. नाव राहिले की माणूस रुसे, आणि रुसलेला माणूस जेवत नसे. (नंतर जेवे, पण दुप्पट.)

गिरधरआबांनी आपल्या प्रमिलेच्या लग्नाचे काम भाऊंना दिले. हे स्थळ मिळवायला आबांनी चार तालुके पायाखाली घातले होते. मुहूर्त गोरज. भटजींनी बजावले होते, "सूर्य बुडाला, की थेट तुळशीच्या लग्नानंतर बघा."

अंतरपाट धरला. भाऊ राजाचा जुना फेटा बांधून उभे राहिले. वराचे मामा उखर्डूनाना पुढे सरकले.

"शालिग्रामभाऊ, मन्हं नाव कोठे शे?"

"दुसरा कडवामा शे, नाना. धीर धरा."

दुसऱ्या कडव्यात भाऊंनी स्वर चढवला:

पारोळ्याहुनि पातले सजुनिया मामा उखर्डू पहा...

"वन्समोर!" नाना गरजले.

सामान्य कवी येथे पुढे गेला असता. पण भाऊंनी आयुष्यात एकही वन्समोर नाकारला नव्हता. (शेवटची दोन वर्षे तो आलाच नव्हता.) मामा पुन्हा सजून पारोळ्याहून आले. तोच वराच्या आत्या भागाबाई उसळल्या, "त्यासले दोन खेपा, आनि माले एकच?"

मग रीतच पडली. दर कडव्याला सावधान, दर सावधानाला अक्षता. अक्षता संपल्या, तेव्हा कणगीतली ज्वारी काढली. ज्वारीमागोमाग कोंबड्या आल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात बदलले, मग माणसे बदलली. सूर्य चिंचेच्या खाली उतरला. भटजी घसा फोडून "मुहूर्त! मुहूर्त!" ओरडत होते आणि भाऊ ती दाद समजून मान लववत होते.

अखेर गिरधरआबांनी हात जोडले. "भाऊ, आते बस करा!"

"आबा, तुमचंच कडवं बाकी शे."

आबा खाली बसले.

प्रमिलेने एकदा बापाकडे पाहिले, एकदा सूर्याकडे. मग स्वतःच अंतरपाट खाली ओढला आणि नवरदेवाच्या गळ्यात माळ घातली. नवरदेवाला हे सुटकेसारखेच वाटले असावे. त्याने घाईघाईने आपलीही माळ घातली. सूर्य अजून हातभर वर होता. लग्न लागले.

भटजींनी वाजंत्र्यांना खूण केली. ती कुणी पाहिली नाही. वाजंत्रीवालेही आपल्या नावाची वाट पाहत होते. मांडवात तेव्हा धाकट्या साडूंचा वन्समोर चालू होता. वधूवर निमूटपणे उठून पंगतीला बसले. कवितेत ज्यांना जागा मिळाली नव्हती, ती रुसलेली मंडळी त्यांच्या शेजारी बसली.

वाचकांनी हसू नये. आपल्या ओळखीचे कुणी सापडते का, हे पाहत तुम्हीही इथवर आलात.

जिलबी संपली आहे.