नारायण सरांचा अझोला

विश्रामबागेतल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून नारायण सर निवृत्त झाले आणि आष्ट्याजवळच्या माळावर शेततळं काढून त्यात मासे सोडून बसले. वर्षभरात तळ्यावर बारीक, हिरवी, तरंगती पानं दिसू लागली. सरांनी ती भिंगातून मिनिटभर न्याहाळली आणि हा अझोला आहे, जनावरांना सकस खाद्य आहे, असं जाहीर केलं. जन्मभर झाडं फळ्यावरच पाहिलेल्या माणसाला मिनिट पुष्कळ झालं.

शेजारचा गुंडा म्हणाला, अझोला असा लवदार नसतो, याच्यावरनं पाण्याचा थेंब घरंगळतोय. सरांनी त्याला प्रथिनांवर अर्धा तास ऐकवलं. मग चावडीत व्याख्यान देऊन येईल त्याला आपल्या तळ्यात वाढवायला पाटी भरून पानं वाटली. आठवड्यानं पानं नेलेल्या शालूबाई सांगत आल्या, म्हैस वास घेऊन तोंड फिरवते. म्हशीला शिस्त लावा, असं सर म्हणाले.

दोन महिन्यांत तळ्यावर सतरंजी अंथरल्यागत थर बसला. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सरांनी काठीनं थर झोडपला, तर तुटलेल्या तुकड्यातुकड्याला नवी पानं फुटली. गावातल्या आणखी सहा तळ्यांची तीच गत झाली, तेव्हा कृषी खात्याच्या अंकिता मॅडम जाळं घेऊन आल्या.

त्यांनी एक पान उचलून पाहिलं. हे अझोला नव्हे, साल्व्हिनिया नावाचं तण आहे. औषध मारलं तर मासे मरतील, जाळ्यानं ओढून लांब नेऊन वाळवायचं, असं त्यांनी सांगितलं. शिवाय हे आणलं कुणी, ते अहवालात लिहायचं होतं. ज्यानं पसरवलं त्यानं साती तळी साफ होईपर्यंत पाण्यात उतरायचं.

तेवढ्यात गुंडा पुढं झाला.

"पुरात वाहून आलं आसंल, मॅडम. लय पाणी हुतं तवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम लिहू लागल्या. गावानं आपल्याला वाचवलं, हे सरांना कळलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. पण चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"पुरात कसं येईल?" ते म्हणाले. "ही तळी माळावर आहेत. नदीचं पाणी इथवर चढतच नाही."

मॅडमचं पेन थांबलं. "मग कसं आलं, सर?"

गुंडानं जाळ्याचं एक टोक उचलून सरांच्या हातात दिलं.

"आवं सर," तो हळूच म्हणाला, "विजार वर घ्या."