येत असलेलं न येण्याचा सराव

आमच्या विणकर वस्तीतल्या शाळेत सहावीच्या मुलांना उपसर्ग येतात, ही गंभीर बाब १९७४ च्या जानेवारीत उघडकीस आली.

प्रेमलताबाईंनी ते दिवाळीनंतरच शिकवून टाकले होते. ‘आगमन’ म्हटलं की पोरं दारातून आत येत, ‘निर्गमन’ म्हटलं की बाहेर पडत, ‘अनुगमन’ म्हटलं की एकामागे एक चालत. आता परिपत्रक आलं. निरीक्षक साहेब बाईंचा नमुना पाठ बघणार, घटक उपसर्ग, आणि तो न शिकवलेला असावा. सहा वर्षं हंगामी असलेल्या बाई या पाठावरच कायम व्हायच्या होत्या.

हेडमास्तर चंपतरावांनी विचार केला. घटक बदलायला वरून मंजुरी लागते, ती एप्रिलपर्यंत येत नाही. मुलांनी विसरायला मंजुरी लागत नाही. त्यांनी शेवटचा तास विसरण्याच्या सरावाला दिला. पहिली दहा मिनिटं चुकायचं, मग बाई शिकवतील, मग बरोबर यायचं. पंधरा दिवसांत वर्ग चुकण्यात तरबेज झाला.

पाठाच्या दिवशी आमच्यातल्या नत्थूजीच्या चंद्रकलेनं हळूच विचारलं, “बाई, आज येते ते सांगू का येत नाही ते?” बाईंनी साहेबांची खुर्ची पुसली.

साहेबांनी ‘आगमन’ म्हटलं आणि अख्खा वर्ग बाहेर गेला. ‘निर्गमन’ म्हटल्यावर परत आला. दहाव्या मिनिटाला साहेब उठले. वाडीच्या शाळेत त्यांना दुसरा नमुना पाठ बघायचा होता. शेरा पडला : ‘वर्गास काहीही शिकविलेले नाही. बाईंना कायम करू नये.’

उपसर्ग दिवाळीनंतरच शिकवले होते, असा बाईंनी अर्ज केला. चौकशीला आम्हा पालकांना बोलावलं. नत्थूजी तर पोरीचं ऐकून मागावर बसल्या बसल्या सगळे उपसर्ग शिकला होता. साहेबांनी विचारलं, बाईंनी दिवाळीनंतर हे शिकवलं होतं का? शेजारी चंपतराव बसले होते. जूनमध्ये नत्थूजीच्या धाकट्याचं नाव याच शाळेत घालायचं होतं.

“मले काय माहीत, साहेब,” नत्थूजी म्हणाला. “मी तं दिवसभर मागावर रायतो.”

त्याच्यामागून आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं. बाईंना त्याच आठवड्यात कमी केलं.

तुम्हाला आमच्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त त्याआधी तुमच्या मुलाचे हेडमास्तर जवळपास नाहीत ना, तेवढं बघून घ्या.