हवाबंद बरण्यांची झडती

“माझी पट्टी खोटं बोलत नाही!” प्रयोगशाळेतल्या साहेबांनी शनिवारी भर स्वयंपाकघरात जाहीर केलं. पट्टी म्हणजे बोटभर कागद आणि त्यावर साहेबांनी दोन वर्षं खपून बनवलेली पूड. धातूचे कण आणि सेंद्रिय रेणू यांची ती बारीक जाळी जांभळ्या टॉर्चखाली नारिंगी चमकायची. पण तिच्या भोकांत ऑक्सिजन शिरला की लगेच तोंड पाडून बसायची. चमकली तर हवा नाही, विझली तर आहे. इतकं सोपं!

साहेबांच्या सासूबाई महिन्यापूर्वीच लेकीकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. आपलं घर आवरताना त्यांनी सगळं वाटून टाकलं, फक्त काचेच्या नऊ बरण्या आणल्या. त्यांत स्वतः भाजलेली बिस्किटं भरायची आणि “माझी बरणी हवाबंद!” म्हणून ऐटीत फळीवर ठेवायची, एवढाच काय तो या घरात त्यांचा रुबाब होता.

“हवाबंद? आत्ता कळेल!” साहेबांनी बरणीत पट्टी टाकली, झाकण आवळलं, पडदे ओढले, टॉर्च मारला. पट्टी ढिम्म!

“आई, ही गळतेय.”

दुसरी गळत होती. तिसरीही. साहेबांनी झाकणांना नव्या रबरी रिंगा बसवल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली, शेवटी बायकोला झाकणावर बसवलं.

“अरे, मी किती वेळ बसू?”

“चमकेपर्यंत!”

नऊच्या नऊ बरण्या नापास. “आई, चाळीस वर्षं तुम्ही सगळ्यांना सादळलेली बिस्किटं खायला घालताय!” साहेब हसत म्हणाले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळी बिस्किटं पिशवीत ओतली आणि पिशवी कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली. बायको उठून बाहेरच्या खोलीत निघून गेली. साहेबांना आता कुठे जरा चुकल्यासारखं वाटू लागलं.

सासूबाईंनी एक रिकामी बरणी झाकण लावून पाण्याच्या बादलीत दाबून धरली. एक बुडबुडा येईल तर शपथ!

“हवा येते-जाते म्हणता, मग पाणी का शिरत नाही?”

“पाणी... जाड असतं, आई.”

“बरं. झाकण लावण्याआधी बरणीत काय होतं?”

“बिस्किटं.”

“आणखी?”

साहेबांना एकदम आठवलं. प्रयोगशाळेत आधी नायट्रोजन सोडून कुपीतली हवा हुसकावायची, मगच बूच लावायचं. हे काम हाताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की डोक्याला त्याचा पत्ताच उरला नव्हता!

“हवा,” ते पुटपुटले.

“मग झाकण लावल्यावर ती कुठे जाणार? हवाबंद म्हणजे हवा आत बंद, जावईबापू.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं साहेबांना झालं. “आई, चुकलो. माझी अक्कल शेण खायला गेली होती.”

“चुकतं माणूस. त्याचं काही नाही.” सासूबाईंनी डब्याशी ठेवलेली पिशवी उचलली. “पण सादळली म्हणालात, ते एकही न खाता म्हणालात.”

त्यांनी पिशवीतलं एक बिस्किट पुढे केलं. साहेबांनी ते मान खाली घालून तोंडात टाकलं आणि चावलं. कुर्रम्!

“एवढं काय मोडलं गं?” बायको बाहेरून ओरडली.

साहेब जागच्या जागी थिजले. उरलेलं आवाज न करता संपवावं म्हणून त्यांनी बिस्किट गालात धरून ठेवलं; पण दहा मिनिटं झाली तरी ते काही केल्या मऊ पडेना!